भुंगा कुठून आला

राधाकिशननं विजयसिंहांच्या गोदामातलं भुईमुगाचं पहिलं पोतं उलटं केलं आणि शेंगांच्या आधी भुंगेच जमिनीवर पडले. तांदळाच्या दाण्याएवढे, तपकिरी, मागच्या पायांची मांडी जाड. काही इकडंतिकडं पळाले, काही पाय आखडून मेल्याचं सोंग घेऊन पडले. शेंगांवर जोंधळ्याच्या दाण्याएवढी गोल भोकं होती. पोत्याच्या तळाला पांढुरके, कागदासारखे कोष चिकटले होते.

शेंगा फोडायला सहा बायका आल्या होत्या. त्यांच्यात सत्यशीला वयानं थोरली, छप्पन्न-सत्तावन्नची. तिनं एक शेंग उचलून अंगठ्यानं फोडली. आत दाणा नव्हता, नुसता भुसा होता.

"दुसरं सोड," विजयसिंह राधाकिशनला म्हणाले.

दुसऱ्यातही तेच निघालं, तिसऱ्यातही. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. आजचा रोज बुडाला हे सगळ्यांना कळलं होतं, पण विजयसिंहांच्या तोंडाकडं बघून कुणी बोललं नाही.

ही शेंग घरात खायची नव्हती. कृषी खात्याच्या प्रात्यक्षिकात विजयसिंहांनी सहा एकर उन्हाळी भुईमूग केला होता. रस्त्याच्या कडेला खात्याची पाटी लागली होती, पाहणीला साहेब लोक आले होते, पेपरात विजयसिंहांचा फोटो आला होता. हे बियाणं तालुक्यातल्या शेतकऱ्यांना वाटायचं ठरलं होतं, आणि त्या वाटपाचा कार्यक्रम पंधरा ऑगस्टनंतर गावातच, हिवरदऱ्यात होणार होता.

तासाभरात गावच्या कृषी सहायक दीपमाला मॅडम स्कुटीवर आल्या. पोरगी तिशीच्या आतली, गेवराईकडची. तिनं मूठभर शेंगा उजेडात नेऊन पाहिल्या, एक भुंगा बोटावर घेतला.

"शेंगेचा भुंगेरा आहे हा," ती म्हणाली. "शेंगेच्या टरफलावर अंडं चिकटवतो. अळी टरफल पोखरून आत जाते, दाणा खाते आणि मोठी झाली की बाहेर येऊन कोष करते. एक भुंगेरी शंभराच्या आसपास अंडी घालते. दीड-दोन महिन्यांत पुढची पिढी तयार."

"आला कुठून पन?" विजयसिंहांनी विचारलं.

"मूळ चिंचेतला किडा आहे. चिंचोक्यात वाढतो. बाभळीच्या शेंगेत, आपट्याच्या शेंगेतही असतो. शेंग उन्हात वाळत घातली की येतो अंडी घालायला. पण दादा, शेतातून येतात ते थोडे. एवढे वाढले ते इथं, गोदामात. ही पोती गेल्या वर्षीची आहेत. मी पोती बदला म्हटलं होतं. शेंग पुन्हा एकदा कडक उन्हात घाला म्हटलं होतं."

विजयसिंहांनी शेवटचं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते दाराकडं वळले होते. गोदामाच्या दारातून त्यांचं रान दिसायचं, रानाच्या टोकाला बांध, आणि बांधाच्या पलीकडं चार पावलांवर सत्यशीलाची चिंच.

"चिंचेतला," ते म्हणाले.

सत्यशीलानं ते ऐकलं. ती शेंगा फोडायला आलेल्या केशरबाईजवळ उभी होती. केशरबाईनं तिला कोपर मारलं. पण सत्यशीलाच्या मनात तेव्हा काही आलं नाही. चिंचोक्यात भुंगा असतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. चिंच फोडायला बसलं की मांडीवर चढतो, झटकायचा आणि पुढची चिंच घ्यायची.

ती चिंच तिच्या सासऱ्यानं लावली होती. सासरा मिलिंद महाविद्यालयात शिकायला जायचं स्वप्न बघत सातवीत थांबलेला माणूस. गावकीची कामं सोडली त्या वर्षी त्यानं दोन एकर खडकाळ रान नांगरटीत आणलं आणि कडेला चिंचेचं रोप लावलं. आता दोन माणसांच्या कवेत खोड मावत नव्हतं. फाल्गुनात चिंच झोडली की महिनाभर सत्यशीलाच्या अंगणात दहा-बारा बायका फोडायला बसायच्या. टरफलं एकीकडं, शिरा एकीकडं, चिंचोके एकीकडं. वस्तीतल्या बायका यायच्या, वरच्या आळीतल्याही गुपचूप यायच्या. घरी सांगताना त्या कुठं जातो ते सांगत नसत, पण येत होत्या. त्या एका महिन्यात सत्यशीला कुणाच्या रानात रोजानं जात नव्हती. उलट लोक तिच्याकडं कामाला यायचे.

गोदामातल्या त्या प्रकारानंतर आठवड्यानं सत्यशीला लेकीकडं केजला गेली. लेक बाळंतीण होती, दोन रात्री राहून ती परत निघाली. पाटोद्याहून जीपनं फाट्यावर उतरली आणि वाटेनं चालायला लागली. ओढ्याजवळ आल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वाट तीच होती, विजयसिंहांचं तारेचं कंपाउंड तेच होतं. मग तिच्या ध्यानात आलं की पुढं नुसतं आभाळ आहे.

ती पळाली. वय विसरून, हातातली पिशवी तशीच घेऊन पळाली.

चिंच तिच्याच रानात आडवी पडली होती. तिच्या मुगाच्या चार तासांवर, उभ्या ओळींवर, फांद्या कोसळल्या होत्या. पानं अजून हिरवी होती, मिटलेली. फांद्यांना बोटाएवढ्या हिरव्या, चपट्या, कोवळ्या चिंचा लागल्या होत्या. राधाकिशन आणि आणखी दोघं मशीनच्या करवतीनं फांद्या तोडत होते. करवतीच्या आवाजात तिची हाक त्यांना ऐकू आली नाही. ती पुढं होऊन खोडावर उभी राहिली तेव्हा राधाकिशननं मशीन बंद केली.

"कुनी सांगितलं?" तिनं विचारलं.

राधाकिशननं मान खाली घातली. तो विजयसिंहांकडं सालानं कामाला होता. त्याची बायको दर वर्षी सत्यशीलाकडं चिंच फोडायला यायची.

"राधाकिशन, मी इचारते. कुनी सांगितलं?"

"मालकांनी. किडीमुळं तोडायची म्हनले. शेतीच्या मॅडमनी सांगितलंय म्हनले."

"मी न्हवते म्हनून तोडलं."

त्यानं मशीन उचलून खांद्यावर घेतली आणि बाकीच्या दोघांना खुणावलं. तिघं बांध ओलांडून निघून गेले.

सत्यशीला तशीच विजयसिंहांच्या दारात गेली. विजयसिंह ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पूर्वी दहा वर्षं सरपंच होते, आता सरपंचपद त्यांच्या पुतण्याकडं, आदिनाथकडं होतं. वयानं ते सत्यशीलापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण तिला कायम अगं-तुगं करायचे. तिलाही त्याची सवय झाली होती. त्या दिवशी मात्र ते तिच्या कानाला लागलं.

"ये सत्यशीला. बस."

"बसायला न्हाई आले. माझं झाड कावून तोडलं?"

"बाई, किडीचं मूळ होतं ते. माझी सगळी शेंग गेली, तू सवताच्या डोळ्यानं बघितलीस. उद्या गावातल्या समद्यांची गेली असती. खात्याच्या बाईनं सांगितलं चिंचेतून येतो भुंगा. मग काय करायचं, बघत बसायचं?"

"मी तिथंच उभी होते. बाभळीतून बी येतो म्हनल्या त्या. तुमच्या ओढ्याला अकरा बाभळी हायत. एक तरी तोडली?"

"बाभळीचं बघू."

"पोती जुनी होती म्हनल्या. ते बी मी ऐकलं."

विजयसिंहांचा आवाज बदलला. "हे बघ, जास्त बोलू नको. तुझं नुकसान होऊ देनार न्हाई मी. लाकूड सगळं तूच घे. दोन-तीन वर्षं जळण पुरंल. खोडाला गिऱ्हाइक हाय, त्यातलं बी काय ते देऊ."

"माझंच लाकूड मला देता?"

"मग काय करू? झाड परत जोडू?"

ओट्यावर दोघं-तिघं बसले होते. त्यातला एक हसला. सत्यशीलानं त्याच्याकडं बघितलं आणि तो थांबला. तिच्या तोंडात खूप काही आलं होतं, पण जीभ वळेना. ती माघारी फिरली. वाटेत तिला त्या न वळलेल्या जिभेचाच जास्त राग येत होता.

तिचा नवरा भारत पाटोद्याच्या एका हायस्कुलात शिपाई होता. पुढच्या वर्षी रिटायर होणार होता. संध्याकाळी तो आला, रानात जाऊन बघून आला आणि बराच वेळ हातपाय धूत बसला.

"अर्ज देऊ तहसीलला," तो शेवटी म्हणाला. "पन लई तानू नको. आपल्याला याच गावात ऱ्हायचंय."

"मी कुठं चालले गाव सोडून?"

"तसं न्हाई गं. पोराच्या नोकरीचं हाय, माझ्या पेन्शनचे कागद हायत. मानूस वाकड्यात शिरला तर हज्जार ठिकानी अडवतो."

"तुमच्या बापानं लावलेलं झाड हाय."

"मला म्हाईत न्हाई का?"

तो बाहेर जाऊन उभा राहिला. सत्यशीलाला त्याचाही राग आला. आयुष्यभर घंटा वाजवून, साहेबांना पाणी देऊन, फायली उचलून हा माणूस इतका सावध झाला होता की बापाच्या झाडासाठीसुद्धा त्याला आधी पेन्शनचे कागद आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी बांधून रानात गेली आणि चिंचेच्या खोडावर जाऊन बसली. दहाच्या सुमाराला ट्रॅक्टर आला, ट्रॉलीसकट. लाकडाच्या वखारीची दोन माणसं आणि राधाकिशन.

"हे हलनार न्हाई," ती म्हणाली.

"मावशी, पैसे ठरलेत," वखारीवाला म्हणाला.

"कुनाशी ठरले? झाड माझं हाय. सातबाऱ्याला माझ्या गटात एक चिंच लिवलेली हाय. तुमी हात लावा, मी पोलिसात तुमचं नाव सांगते. मालकाचं न्हाई, तुमचं."

वखारीवाल्यानं राधाकिशनकडं बघितलं, मग ट्रॅक्टरवाल्याकडं. असल्या भांडणात त्याला पडायचं नव्हतं. ट्रॅक्टर रिकामाच गेला.

दुपारी केशरबाई आली. केशरबाई वरच्या आळीतली, नवऱ्याच्या माघारी एकटी राहणारी. तिनं आल्या आल्या फांदीवरची एक कोवळी चिंच तोडली, दातानं चावली आणि थुंकली.

"मी बी बसते," ती म्हणाली.

"तुला तरास दील."

"काय दील? शेंगा फोडायला बोलवनार न्हाई. आता तशी बी कुठं शेंग राहिलीय त्याच्याकडं."

भारत रोज शाळेत जायच्या आधी पाण्याचा हंडा आणून ठेवायचा. चौथ्या दिवशी त्यानं तहसीलदारांच्या नावचा अर्ज लिहून आणला आणि तिच्या हातात दिला. अक्षर सुंदर होतं. तिनं तो वाचला, सही केली आणि भारत तो घेऊन गेला. त्या दिवशी तिचा त्याच्यावरचा राग थोडा उतरला.

दीपमाला सहाव्या दिवशी आली. तिला बातमी उशिरा कळली होती. ती बांधावरून उतरून तोडलेल्या खोडापाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, मी असं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"मला म्हाईत हाय तुमी काय सांगितलं. मी तिथंच होते."

"मग तुम्हाला माहीतच आहे की—"

"तुमी आधी चिंच म्हनलात. पोती मागून म्हनलात. त्याला पाहिजे तेवढं पहिल्याच दमात मिळालं."

दीपमालाचा चेहरा उतरला. "त्यांनी विचारलं कुठून येतो. मी पुस्तकात आहे ते सांगितलं."

"पुस्तकात तुमचा विजयसिंह न्हाई. गावात हाय. तुमी दोन वर्षं झाली या गावात येताय. कुनापुढं काय बोलावं हे तुमाला कळू नये?"

तिचा आवाज इतका चढला की केशरबाई मध्ये पडली, "पोरीवर कावून ओरडतीस?" पण सत्यशीला थांबली नाही. सहा दिवस ओट्यावरच्या माणसांना जे बोलता आलं नव्हतं ते सगळं तिनं त्या पोरीला ऐकवलं. दीपमाला ऐकत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "मी लिहून देते. झाड तोडायची शिफारस केलेली नाही असं."

"द्या मग."

"साहेबांना विचारून देते."

सत्यशीला हसली. त्या हसण्यानं दीपमाला लाल झाली आणि स्कुटी चालू करून निघून गेली.

साहेबांनी काय सांगितलं ते नंतर दीपमालानंच सत्यशीलाला सांगितलं. साहेब म्हणाले होते की प्रात्यक्षिक आपलं होतं, बियाण्याला कीड लागली हे आपल्याच अंगावर येईल. चिंचेवरून भुंगेरा आला हे शास्त्राला धरून आहे, तेवढंच बोला. जास्त खोलात जाऊ नका.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. खुर्चीवर सरपंच आदिनाथ, शेजारी ग्रामसेवक, कृषी खात्याचे साहेब आणि दीपमाला. समोर सतरंजीवर माणसं, कडेला भिंतीला टेकून बायका. घरकुलं झाली, पाण्याची टाकी झाली. मग सत्यशीला उठली.

"माझं झाड तोडलं त्याचा विषय घ्या."

"अर्ज तहसीलला गेलाय ना, काकू," आदिनाथ म्हणाला. "तिकडं चौकशी होईल."

"तिकडं होईल ती होईल. झाड गावात तोडलं, गावात बोला."

विजयसिंह पुढच्या रांगेत होते. ते उठले. त्यांना सभेची सवय होती, आवाज मुद्दाम खाली ठेवून बोलायची कला होती. "बोलू की. लपवायचं काय त्यात? गावाचं बियाणं किडलं. कारण शोधलं, उपाय केला. मॅडम इथंच हायत. मॅडम, एवढंच सांगा, हा भुंगा चिंचेत असतो का न्हाई? हो का न्हाई?"

दीपमाला उठली. "असतो," ती म्हणाली.

"झालं. बसा," विजयसिंह म्हणाले.

माणसांत कुजबुज झाली. दीपमाला बसायला वाकली होती, तेवढ्यात सत्यशीलानं विचारलं, "बाभळीत असतो का, मॅडम?"

दीपमाला पुन्हा सरळ झाली. "असतो."

"यांच्या ओढ्याला अकरा बाभळी हायत. गोदामापासून चिंचेपेक्षा जवळ. आपट्यात असतो का?"

"असतो."

"शाळेच्या मागं आपटा हाय. तो बी तोडायचा का?"

कुणीतरी हसलं. विजयसिंहांनी मागं वळून बघितलं. "ए बाई, सभा हाय, कोर्ट न्हाई. तुझ्या घरातलं चिंचोक्याचं पोतं आन बरं इथं. भुंगं निघत्यात का न्हाई ते समद्यांना बघू दे."

"निघतील," सत्यशीला म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या टायमाला बी निघायचे. त्या झाडाशेजारी उन्हात तुमचे वडील पंचवीस वर्षं भुईमूग वाळवायचे. त्यांची शेंग न्हाई किडली. ते शेंग नव्या पोत्यात भरायचे, माझी सासू शिवायला जायची पोती. मॅडम, आता मला सांगा. यांना पोती बदला म्हनलतात का न्हाई?"

दीपमालानं शेजारी बघितलं. साहेब समोरच्या कागदावर पेनानं रेघा ओढत होते. त्यांनी वर न बघता मान किंचित हलवली. ती मान 'नको' म्हणत होती हे पहिल्या तीन रांगांतल्या सगळ्यांना दिसलं.

"म्हटलं होतं," दीपमाला म्हणाली. "दोनदा. एकदा मे महिन्यात काढणीच्या वेळी आणि एकदा जूनमध्ये. माझ्या भेटीच्या वहीत त्यांची सही आहे."

"आनि झाड तोडा म्हनलतात?"

"नाही. कधीच नाही."

"दीपमाला, बसा तुम्ही," साहेब म्हणाले.

ती बसली नाही. "झाड तोडून हा किडा जात नाही," ती म्हणाली. "गोदामात तो अजून आहे. कालच मी पाहिलं. भिंतीच्या फटीत कोष आहेत. तीच पोती घडी घालून कोपऱ्यात ठेवली आहेत. झाड तोडलं, पोती अजून जाळली नाहीत."

विजयसिंहांनी दीपमालाला सोडून दिलं. ते सत्यशीलाकडं वळले.

"मंजी मी गावापुढं खोटं बोललो, असं म्हननं हाय तुझं?"

"हो," सत्यशीला म्हणाली. "खोटं बोललात. शेंग तुमच्या आळसानं किडली आनि तुमाला फोटोत तोंड दाखवायचं होतं. माझ्या झाडाची सावली तुमच्या दोन तासांवर पडती म्हनून पंधरा वर्षं तुमचं त्याच्यावर डोळं होतं. भुंगा नुसतं निमित्त झाला. आनि मी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी थोरली हाय. मला अगं-तुगं करू नका."

आदिनाथनं घाईनं विषय संपवला आणि सभा आटोपली. बाहेर पडताना कुणी सत्यशीलाशी बोललं नाही. वरच्या आळीतली एक बाई मात्र तिच्या जवळून जाताना पाठीवर हात ठेवून गेली, आणि तोंड पुढंच ठेवून चालत राहिली.

वनखात्याचा माणूस आला, त्यानं पंचनामा केला. चिंच परवानगीशिवाय तोडता येत नाही, विजयसिंहांना दंड होणार, असं तो म्हणाला. मग खोडावर हातोड्यानं शिक्का मारला. लाकूड जप्त, ते आता सरकारी डेपोत जाणार.

"म्हंजी झाड तोडणाऱ्याला दंड आनि झाड सरकारला?" सत्यशीलानं विचारलं.

"नियम आहे, आजी."

"मी बारा दिवस इथं बसले ते सरकारला लाकूड राखायला?"

तो पंचनाम्याचा कागद घडी घालत निघाला. ट्रक आला तेव्हा मात्र तिनं अडवलं नाही. ती पाठ करून मुगात वाकली आणि मोडलेली तासं उपटत राहिली. केशरबाई सांगते की तिनं त्या दिवशी चांगला मूगही उपटला.

पुढच्या आठवड्यात दीपमालाची बदली झाली, थेट आष्टीच्या टोकाला. जायच्या आधी ती भेटीच्या वहीतल्या पानांची झेरॉक्स घेऊन सत्यशीलाच्या घरी आली.

"तहसीलला लागेल ही," ती म्हणाली. आणि मग, "मावशी, तुमचा राग गेला नाही ना अजून?"

"न्हाई," सत्यशीला म्हणाली. "तुमच्यावरचा बी न्हाई गेला. पन तुमी साहेबापुढं उभ्या राहिलात ते मी इसरनार न्हाई. जेवून जा."

दीपमाला जेवून गेली.

सप्टेंबरात तहसीलमधून बोलावणं आलं. भारतनं रजा टाकली आणि दोघं पाटोद्याला गेली. तिथं आदिनाथ आधीच येऊन बसला होता. कारकुनानं टाइप केलेला कागद पुढं सरकवला, "इथं सही करा. मिटवून टाकू."

सत्यशीलानं चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की किडीच्या प्रादुर्भावाबाबत झालेल्या गैरसमजातून सदर चिंचेचा वृक्ष तोडला गेला, दंड भरण्यात आलेला आहे, आणि अर्जदाराची आता काही तक्रार राहिलेली नाही.

"गैरसमज कुनाचा झाला?" तिनं विचारलं.

"अहो मावशी, लिहायची पद्धत असते ती."

"मला गैरसमज न्हाई झाला. त्यांना बी न्हाई झाला. मग कुनाचा?"

"आता तुम्ही शब्दाला धरून—"

"शब्दच हाय की माझ्या हातात. झाड डेपोत नेलं तुमी."

कारकुनानं भारतकडं बघितलं. बायका ऐकत नाहीत तेव्हा पुरुषाकडं बघायचं, असं त्याचं बघणं होतं. भारतनं कागद हातात घेतला. तीस वर्षं त्यानं वर्गाबाहेरच्या बाकावर बसून गुरुजींचं मराठी ऐकलं होतं. त्यानं कागद नीट वाचला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, 'तोडला गेला' असं लिवलंय," तो म्हणाला. "कर्ता राहिलाय."

"काय?"

"कुनी तोडला ते राहिलंय. ते लिवा."

आदिनाथ उठून उभा राहिला. "भारतकाका, तुमी तरी समजून घ्या. सप्टेंबर हाय, जूनमधी रिटायर व्हायचंय तुमाला."

"म्हाईत हाय," भारत म्हणाला. त्यानं कागद कारकुनाकडं परत सरकवला. "तरी बी लिवा."

अकरा वाजता गेलेली ती दोघं चार वाजेपर्यंत त्या बाकावर बसून राहिली. कारकून मध्ये जेवून आला, मध्ये नायब तहसीलदारांकडं दोनदा जाऊन आला. आदिनाथ फोनवर बोलत बाहेर गेला तो परत आला नाही. शेवटी कारकुनानं कागद फाडला, दुसरा टाइप केला आणि आपणहून मोठ्यानं वाचून दाखवला. विजयसिंह यांनी अर्जदार गावी नसताना, अर्जदाराच्या मालकीचा चिंचेचा वृक्ष विनापरवाना तोडला. कृषी विभागाने अशी कोणतीही शिफारस केलेली नव्हती. तक्रार नसल्याचं वाक्य त्यानं काढून टाकलं होतं.

सत्यशीलानं सही केली. नक्कल मागितली. ती घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली.

अड्ड्यावर जीप भरत आली होती. आत हिवरदऱ्याचे दोघं-तिघं होते. शहादेव न्हावी पुढच्या सीटवरून मागं वळला.

"काय वहिनी, मिटलं का?"

"मिटलं न्हाई," सत्यशीला म्हणाली. "लिवून घेतलंय."

ड्रायव्हरनं आणखी दोन माणसं आत कोंबली. सत्यशीला खिडकीकडं सरकली, भारतनं पिशवी मांडीवर घेतली आणि जीप सुटली.